विमान जवळून बघायला पोरांना कुठं नेलंत? सीमाभागातल्या आईबापांनी, आजोबांनी, मास्तरांनी लिहा

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करतेय)

सांब्र्याकडं उतरणारं विमान बघून पोरानं वर बोट केलं नाही, असं घर बेळगावात सापडायचं नाही. १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं ती धावपट्टी केली. आजही तिथं हवाई दलात भरती झालेल्या जवानांचं प्रशिक्षण चालतं. हायवेला हत्तरगीत परदेशी विमानांचे भाग तयार होतात. इतकं सगळं दारात आहे, खरं विमानाच्या पोटाखाली उभं राहून वर बघायचं म्हटलं की एकतर घाट उतरून गोवा गाठायचा, नाहीतर रात्रीची राणी चन्नम्मा पकडून बेंगळूर.

म्हणून हा धागा. तिकीट किती, पार्किंग कुठं, हे कुठंही मिळतं. पोर कशापुढं थांबलं, कशाला कंटाळलं, काय विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं का, ते लिहा. पोराचं वयही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. ठिकाण गोव्यातलं बोगमाळो. दाबोळी विमानतळाच्या अंगालाच भारतीय नौदलाचं हवाई संग्रहालय आहे, १९९८ पासून. सोमवारी बंद असतं, हे आधी लिहून ठेवा. आवारात उघड्यावर विमानं उभी आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे सुपर कॉन्स्टलेशन. हे मूळचं एअर इंडियाचं प्रवासी विमान. नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. एअर इंडियाकडून हवाई दलाकडं आणि तिथून १९७६ च्या सुमारास नौदलाकडं आलं. समुद्रावर लांबवर नजर ठेवायच्या कामाला ते १९८३ पर्यंत होतं.

मुलीनं मागून बघून पहिला प्रश्न टाकला: याला तीन शेपट्या कशाला? सगळ्या विमानांना एक, यालाच तीन. माझ्याकडं उत्तर नव्हतं. नवऱ्यानं 'जास्त जोर यायला' असं ठोकून दिलं. घरी येऊन शोधलं तर कारण अगदी साधं निघालं. एकच उभी शेपटी ठेवली असती तर ती एवढी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, दारातून विमान आत जाईना. म्हणून उंची कमी करून तिची तीनात वाटणी केली. तेव्हापासून मुलगी प्रत्येक विमानाची शेपटी आधी बघते.

मुलाचं वेगळंच. तो सगळा वेळ चाकांपाशी उकिडवा. वर एवढं मोठं विमान आहे याचं त्याला काही नाही. टायरावर काय लिहिलंय, नळी कुठून कुठं जाते, एवढंच. आम्ही त्याला 'वर बघ, वर बघ' करत होतो, शेवटी नाद सोडला.

आता तुम्ही.

उद्यमबाग, बेळगाव

ताई, मी फौंड्रीत काम करतोय, म्हणून माझं बघणं वेगळं. मुलगा दहावीत. बेंगळूरला कस्तुरबा रोडवर विश्वेश्वरय्यांच्या नावाचं म्युझियम आहे, तिथं राइट बंधूंच्या विमानाची मूळ मापाची प्रतिकृती ठेवलीय. पोरगा पंख बघूलाय, कापड बघूलाय, मी आपला इंजिनपाशी.

१७ डिसेंबर १९०३. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फूट. एवढं सगळ्यांना पाठ असतंय. खरं त्या इंजिनाची क्रँककेस, म्हणजे बाहेरचं कवच, अॅल्युमिनियमची ओतलेली होती, हे कुणी सांगत नाही. तांबं मिसळलेलं अॅल्युमिनियम, आणि साल १९०३! बिडाचं केलं असतं तर ते जमीन सोडतंय कशाला? त्यांना कुठलीच कंपनी हवं तसं हलकं इंजिन देईना. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक, चार्ली टेलर, त्यानं सुमारे सहा आठवड्यांत इंजिन उभं केलं. कास्टिंग त्यांच्याच गावच्या फौंड्रीतनं ओतून आणलं. कार्बोरेटर म्हणावं तसं नव्हतंच. १२ अश्वशक्ती. आपल्याकडं बारक्या मोटरसायकलला त्याच्या आसपास असते.

पोराला मी हे सांगूलतो तर तो म्हणाला, पप्पा, म्हणजे तुमच्यासारखी माणसं होती ती. मी गप्प बसलो. खरं बरं वाटलं की.

अजून एक. इंजिन एकच, पंखे दोन, आणि ताकद साखळीनं नेलेली. दोन्ही पंखे उलट दिशेला फिरावेत म्हणून एका बाजूची साखळी त्यांनी इंग्रजी आठासारखा पीळ देऊन बसवली. गिअर नाही, काही नाही. साखळीला पीळ दिला, काम झालं.

निपाणी

ताई, राग मानू नका, पण सगळ्या पोरांना हे आवडतं असं धरून चालू नका. आमची दोघं, आठ आणि अकरा, बोगमाळोला अर्ध्या तासात बाहेर. 'आई, ही उडणार कधी?' उडणार नाहीत म्हटल्यावर मग समुद्रावर चल. समुद्र तिथून खालीच आहे, त्यामुळं दिवस फुकट गेला नाही. त्यापेक्षा सांब्रा-बाळेकुंद्रीच्या बाजूला रस्त्याकडेला थांबून उतरणारं विमान दाखवलेलं त्यांना जास्त लक्षात आहे. पोटाखालची चाकं बाहेर येताना दिसतात, आवाज छातीत बसतो. पैसे शून्य.

नंदगड, ता. खानापूर (नौदलातून निवृत्त)

निपाणीच्या ताईंचं बरोबर आहे. उभं विमान म्हणजे मुकं विमान. त्याला बोलकं करायला कुणीतरी लागतं. माझ्या नातवंडांना मी भेटलो, एवढाच त्यांचा फायदा.

मी नौदलाच्या विमानवाहू बोटींवर होतो, आधी विक्रांतवर, नंतर विराटवर. वैमानिक नव्हे. डेकवर विमानं ढकलणारा, विमान घरंगळू नये म्हणून चाकाला अडण, म्हणजे चॉक लावणारा, साखळीनं जखडून ठेवणारा. घरात मी हे फार कधी बोललो नव्हतो. म्हाताऱ्याच्या नेव्हीच्या गोष्टी कोण ऐकतंय? बोगमाळोच्या आवारात पाय ठेवला आणि समोर अलिझे विमान उभं. ज्याच्या चाकापाशी मी थंडीवाऱ्यात रात्री काढल्या, त्याला कठडा घालून पाटी लावलेली.

थोरली नात बारा वर्षांची, तिनं विचारलं, आजोबा, याचे पंख मोडलेत का? मोडलेले नव्हेत गं, घडी घातलेत. बोटीवर जागा किती? डेकच्या खाली हँगर, तिथं विमानं एकमेकाला खेटून ठेवायची, आणि वर-खाली न्यायला लिफ्ट. पंख पसरून ठेवलं तर लिफ्टमध्ये मावणार नाही. म्हणून मधनं बिजागरी. तिला सांगितलं, खाली वाकून बघ, पंख जिथं मोडतो तिथं बिजागरी आणि तेलाच्या नळ्या दिसतील. ती वाकली. मग धाकटा वाकला. मग शेजारच्या कुठल्या पुण्याकडच्या कुटुंबातली तीन पोरं वाकली. तिथनं पुढं माझी शाळाच भरली.

सी हॉक दाखवलं. त्याची गंमत ही की जेट विमान असून शेपटीला भोक नाही. पोरं मागं जाऊन बघतात आणि फसतात. त्याचा धूर दोन्ही बाजूंनी पंखाच्या मुळापाशी निघतो, मागच्या कडेला. हीच विमानं डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडून कॉक्स बझार आणि चितगावला गेली. ते मी बघितलेलं नाही, माझ्या आधीच्या लोकांचं ते. पण त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की सांगताना मीच तिथं होतो असं पोरांना वाटलं. मी दुरुस्त केलं.

मग हुक. पोटाखाली शेपटीच्या बाजूला लोखंडी हुक असतो. डेकवर आडव्या जाड वायरी ताणलेल्या. विमान आलं की हुक वायरीत अडकला पाहिजे. नाही अडकला तर वैमानिकानं लगेच परत वर जायचं, कारण पुढं डेक संपतो आणि समुद्र सुरू होतो. म्हणून उतरताना इंजिन कमी करायचं नाही, उलट पूर्ण जोर ठेवायचा. हे नातवाला पटेना. थांबायचं असताना जोर कशाला? त्याला तिथंच धावायला लावलं आणि मागून शर्टाचं टोक धरलं. कळलं.

सी हॅरियरपाशी मी जास्त थांबलो. ही विराटवरची. तिला हुकही नको, वायरही नको. इंजिनाची चार नळकांडी खाली वळवली की ती हवेत थांबते आणि डेकवर सरळ खाली बसते. जाताना मात्र डेकचं पुढचं टोक बारा अंशांनी वर उचललेलं असे, त्यावरून धावत जाऊन ती झेप घ्यायची. ती खाली बसायची तेव्हा डेकवर उभं राहणं म्हणजे काय, हे सांगता येत नाही. कानावर जाड आवरण, डोळ्यांवर चष्मा, बोललेलं काही ऐकू येत नाही. सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी. पिवळा शर्ट घातलेल्या माणसाच्या हातांकडं बघायचं, बस्स. २०१६ मध्ये हॅरियर निवृत्त झाली, पुढच्या वर्षी विराट. आमची ती जुनी विक्रांत तर त्याच्या आधीच भंगारात गेली होती. आता ही उभी विमानं तेवढी उरलीत.

नात परतताना गाडीत म्हणाली, आजोबा, तुम्ही ढकलत होता त्यातलं एखादं यात असेल का? असेलही.

टिळकवाडी, बेळगाव

काका, तुमच्या शेजारी ती पुण्याकडची पोरं वाकली ते वाचून मला हसू आवरेना. आम्ही गेलो तेव्हा तुम्ही तिथं असता तर बरं झालं असतं.

खानापूर तालुका, मराठी प्राथमिक शाळेतला शिक्षक

सहावी-सातवीची सहल घेऊन गेलो होतो, अनमोडमार्गे. शाळेच्या सहलीचं वेगळं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घाटात पोरं ओकणार, हे गृहीत धरा. लिंबाच्या फोडी, आलेपाक, पिशव्या, आणि ज्याला लागतं त्याला पुढच्या सीटवर. आमच्या गावातली निम्मी पोरं गोव्याला कधी गेलेली नव्हती, त्यामुळं विमानाआधी समुद्र दाखवला तर ती विमानाकडं फिरकणार नाहीत. क्रम असा ठेवा: आधी म्युझियम, मग डबा, मग समुद्र.

आवारात शिरल्याबरोबर पोरं नुसती धावतात. प्रत्येक विमानापुढं फोटो, पुढं चला. अशानं घरी गेल्यावर एकाचंही नाव सांगता येत नाही. म्हणून मी चार-चार जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकच विमान दिलं. पाट्या हिंदी-इंग्रजीत, म्हणून आदल्या दिवशी वहीच्या पानावर मराठीत दोन-दोन प्रश्न लिहून नेले होते. चाकं किती? खिडकी कुठं? पंखा आहे का, असला तर पाती किती? शेवटी प्रत्येक गटानं बाकीच्यांना आपलं विमान दाखवायचं.

एका गटाला कामोव्ह-२५ हेलिकॉप्टर आलं होतं. सातवीतल्या एका पोरीनं सगळ्यांपुढं सांगितलं: 'सर, याच्या शेपटीला पंखा नाही. सगळ्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला असतो. याला डोक्यावरच दोन आहेत, एकावर एक.' का, ते तिला माहीत नव्हतं, पण तिनं बघितलं होतं. मग शाळेत येऊन फिरत्या खुर्चीवर करून दाखवलं. खुर्चीत बसून हातातली जड पिशवी जोरात एका बाजूला फिरवली तर खुर्ची उलटी फिरते. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका बाजूला फिरला की धड दुसऱ्या बाजूला फिरू बघतं. ते रोखायला शेपटीचा पंखा. पण वर दोन पंखे उलट-सुलट फिरवले तर एकमेकांचं एकमेकांत जिरतं, शेपटीला पंखा लागत नाही. शेपूट आखूड होते, बोटीवर कमी जागा लागते. परत जागेचाच हिशेब.

त्याच पोरीनं आणखी विचारलं, यातलं एखादं विमान बाईनं चालवलंय का? ही जुनी विमानं नव्हेत. पण सब लेफ्टनंट शिवांगी २ डिसेंबर २०१९ ला नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या, एवढं मला सांगता आलं. ते तिनं वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

उद्यमबाग, बेळगाव

सर, म्हणजे राइट बंधूंची पीळ दिलेली साखळी आणि तुमचं कामोव्ह, दोन्हीचं दुखणं एकच की!

कारवार

त्यात माझीही भर घाला. आमच्याकडं टागोर बीचवर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र बोट जमिनीवर आणून म्युझियम केलेलं आहे, आणि आता तिच्या शेजारी तुपोलेव्ह-१४२ हे अजस्र विमान उभं आहे. पाणबुड्या शोधणारं. चार इंजिनं, पण पंखे मोजा, आठ भरतात. प्रत्येक इंजिनापुढं दोन, एकामागं एक, उलट दिशेनं फिरणारे. १९८८ ते २०१७ अशी २९ वर्षं ही विमानं नौदलात होती. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्यानं पाती मोजायला सुरुवात केली आणि मध्येच चुकला म्हणून रडला. खानापूरकडच्यांना रामनगर-जोयडामार्गे यायला बरं पडतं. रस्ता जंगलातला आहे, दिवसाउजेडी या.

हत्तरगी फाट्याजवळ, ता. हुक्केरी

मी इथल्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाईच्या मशीनवर आहे. विमानाचे भाग करतोय, खरं आख्खं विमान जवळनं पहिल्यांदा बघितलं ते पोरीबरोबर, बेंगळूरच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) म्युझियमात. आम्ही जे करतो ते ब्रॅकेट, रिब असल्या वस्तू. डब्यात घालून जातात, पुढं कुठं बसतात ते आम्हाला दिसत नाही.

पोरगी आठवीत. तिला वाटायचं, पप्पा विमान करतात म्हणजे मोठ्ठं काहीतरी. एकदा सांगितलं, अॅल्युमिनियमची जाड लादी मशीनवर लावतो आणि त्यातलं बहुतेक सगळं कापून चिप्स करून टाकतो. शेवटी हातात येतो तो सांगाडा, मूळच्या वजनाचा थोडासा भाग. ती म्हणाली, एवढं वाया? वाया नव्हे, चिप्स परत वितळवायला जातात. जोड दिला की जोडावर वजन वाढतं आणि तडा जायची भीती, म्हणून एकाच तुकड्यातनं कोरायचं.

म्युझियमच्या एका दालनात इंजिनं आहेत, काही कापून आतलं दाखवलेली. तिथं मी तिला धरून आतल्या पात्यांच्या रांगा दाखवल्या. बाहेर विमानाच्या अंगावर रिव्हेटच्या रांगा दाखवल्या. डोकी पत्र्याच्या समपातळीत बसवलेली, हात फिरवला तर लागत नाहीत. वाऱ्याला अडवायला नको म्हणून. तिनं डोळे मिटून बोट फिरवून बघितलं (सुरक्षा रक्षक तिकडं वळलेला होता). म्हणाली, पप्पा, लागतच नाही.

कन्नड पाट्या मला तिनंच वाचून दाखवल्या. आमची पिढी मराठी शाळेतली, बोलायला येतं, वाचायला अडखळतो. तिच्या तोंडून 'वायुयान, वायुयान' ऐकत फिरलो.

संकेश्वर

हत्तरगीच्या अण्णांनी एचएएलचं काढलंच आहे तर आमच्या भागातला माणूस राहू नये. तिथं एचटी-२ नावाचं दोन माणसांचं छोटं शिकाऊ विमान आहे. निळं आकाश आणि दणदणीत जेट बघायला आलेली पोरं त्याच्यापुढून तशीच पुढं जातात. माझीही गेली. मी मागं बोलावून घेतली.

स्वतंत्र भारतात आपल्या लोकांनी आराखडा करून उडवलेलं हे पहिलं विमान. ५ ऑगस्ट १९५१ ला ते उडालं. त्याचे मुख्य आरेखक डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, गाव हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज. संकेश्वरातून गडहिंग्लजकडं जाताना जे हसूरचंपू लागतं तेच! जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पंखावरून हवा कशी वाहते याचं शास्त्र ज्यांनी घडवलं, त्यातलं प्रांटल हे मोठं नाव. आणि परत येऊन घाटगे बेंगळूरला. किरण विमानही त्यांच्याच हाताखालचं.

माझा मुलगा तेरा वर्षांचा. आजोळ गडहिंग्लजला, त्यामुळं त्या रस्त्यानं तो लहानपणापासून जातोय. 'हसूरचंपूचा माणूस?' असं त्यानं मला परत परत विचारलं. त्याच्या डोक्यात विमान करणारा माणूस अमेरिकेत तरी असतो नाहीतर दिल्लीत. मग मी पुढचंही सांगितलं, की एचएएलचा हा कारखाना ज्यांनी २३ डिसेंबर १९४० ला म्हैसूर सरकारच्या साथीनं सुरू केला ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यावर तो म्हणाला, मग कारखाना सोलापूरला का नाही काढला? याचं उत्तर इथं कुणाला नीट द्यायचं असेल तर द्या, मी म्हैसूर संस्थाननं जागा दिली, पैसा दिला एवढ्यावर भागवलं.

तिथलं मारुत हे लढाऊ विमान बघायला विसरू नका. एचएफ-२४. जर्मन आरेखक कुर्ट टँक यांना बोलावून केलेलं, १९६१ मध्ये उडालेलं. सगळ्यात देखणं विमान तेच, असं माझं मत. इंजिन मात्र त्याला शेवटपर्यंत मनासारखं मिळालं नाही.

आणि वर विमानतळाच्या नियंत्रण कक्षासारखा मनोरा आहे, तिथून धावपट्टी दिसते. निपाणीच्या ताईंच्या पोरांना तिथं न्या. उडणारं विमान बघायला मिळायची शक्यता तिथंच जास्त.

चिक्कोडी

विमानाचं पुष्कळ झालं, आता रॉकेट. आम्ही कन्याकुमारीला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून तिरुवनंतपुरमजवळ थुंब्याला गेलो. इस्रोचं अंतराळ संग्रहालय तिथं चर्चमध्ये आहे. खरंखुरं चर्च, मेरी मॅग्डलिनचं. विक्रम साराभाईंनी तिथल्या बिशपांना भेटून जागा मागितली आणि कोळ्यांच्या वस्तीतली ती जागा मिळाली. तिथंच का? पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा थुंब्यावरून जाते, आणि तिच्यावर शंभरेक किलोमीटर उंचीवर आकाशात विजेचा प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करायला ती जागा सोयीची. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट सुटलं. नाइकी अपाची, अमेरिकेतून आलेलं. त्यातून सोडियमची वाफ सोडली होती आणि संध्याकाळच्या आकाशात नारिंगी ढग पसरला. पोरांना हे सांगितलं की ती समोरच्या समुद्रावर तो ढग शोधतात. ओळखपत्रं बरोबर ठेवा.

माझी मुलं दहा आणि सात. सायकलच्या कॅरियरवर रॉकेटचं टोक बांधून नेतानाचा तो प्रसिद्ध फोटो त्यांना माहीत होता. पण घरी आल्यावर मी त्यांना दुसरा फोटो दाखवला: १९८१ चा, अॅपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला. बैलगाडी गरिबीमुळं नव्हे. त्याच्या अँटेनाची चाचणी करताना आसपास धातूचं वाहन नको होतं, लाकडी गाडीची अडचण येत नव्हती. तोच उपग्रह पुढं १९ जून १९८१ ला दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून युरोपच्या एरियान रॉकेटनं वर गेला.

माझ्या सासऱ्यांनी तो फोटो मोबाईल लांब धरून बघितला. पंचवीस एकर ऊस, आयुष्य बैलांबरोबर गेलेलं. त्यांचा प्रश्न एकच: 'बैल खिलार हाईत काय?' मग तासभर आमच्या घरी अंतराळ संशोधन बाजूला आणि बैलांच्या शिंगांवर चर्चा. दहा वर्षांच्या मुलानं निकाल दिला, की रंगावरून सांगता येत नाही, फोटो जुना आहे.

शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये अंतराळातून परत आले तेव्हापासून धाकट्याला अंतराळवीर व्हायचंय. त्याआधी ड्रायव्हर व्हायचं होतं. बघू.

शहापूर, बेळगाव

माझी एक शंका. मुलगा चार वर्षांचा, मोठ्या आवाजाला घाबरतो. मिक्सर लावला तरी कान झाकतो. बोगमाळोला शेजारीच विमानतळ आहे म्हणता, मग नेऊ का नको?

टिळकवाडी, बेळगाव

वहिनी, न्या. तिथं उभ्या विमानांचा आवाज नसतोच, मधूनच धावपट्टीवरून एखादं उठतं तेव्हा होतो. आमच्या मुलानंही पहिल्यांदा कान झाकले. लहान पोरांचे कान झाकायचे हेडफोन मिळतात, ते न्या. सकाळी उघडल्या उघडल्या जा, ऊनही कमी. सिम्युलेटर (विमान चालवल्याचा भास देणारं यंत्र) वगैरे मात्र त्याच्या वयाला नको, अंधार आणि हलणं दोन्ही एकदम येतं.

निपाणी

परत मीच. संकेश्वरच्या दादांचं वाचून घरात विषय काढला. थोरल्यानं विचारलंय, डेकवर विमान थांबवायची वायर तुटली तर? नंदगडच्या काकांनी सांगावं.

नंदगड, ता. खानापूर (नौदलातून निवृत्त)

बाळ, वायर एक नसते, ओळीनं लावलेल्या असतात. त्यांचा हिशेब ठेवायचा, ठरावीक वेळा ताण बसला की चांगली दिसली तरी काढून नवी घालायची. तुटलीच तर ती चाबकासारखी डेकवर फिरते, म्हणून विमान येताना वायरीच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. आम्ही जागा सोडली की नाही ते बघायला वेगळा माणूस असायचा आणि तो फार शिव्या द्यायचा. बाकीचं समोर सांगतो.

खानापूर तालुका, शिक्षक

काका, 'समोर' म्हणालात ते पकडतोय. दिवाळीनंतर आमची सहल परत बोगमाळोला आहे. तुम्ही येणार असाल तर तुमचा खर्च शाळेकडं. निपाणीच्या ताई, तुमची दोघंही येऊ देत, बसमध्ये जागा आहे. चोर्ल्यानं नाही, अनमोडनंच जाणार. फक्त घाटात लागतं की नाही ते आधी कळवा, पुढच्या सीटा थोड्याच आहेत आणि त्यातली एक काकांची.